बदके घटली की पांगली?

महोदय,

डिसेंबर सरला तरी आमच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या भरतीच्या पाणथळ जमिनीत, तलवार बदके मोजकीच उतरली, तेव्हा ‘पक्षी संपले’ अशी हळहळ गावात सुरू झाली. ती मनापासूनची असली तरी घाईची आहे. सैबेरिया व मध्य आशियातील तळी गोठली की अन्न बर्फाखाली जाते आणि तलवार, चक्रांग, थापट्या ही बदके दक्षिणेकडे सरकतात. तिकडे थंडी उशिरा पडली, तर ती वाटेतच रेंगाळू शकतात. शिवाय पाऊस दिवाळीपलीकडे लांबला की देशावरची तळी भरलेली राहून थवे तिथेच विखुरतात आणि इकडे खाजणात पाणी खोल राहिल्याने, शेपटी वर करून चरणाऱ्या तलवार बदकाची चोच तळाला पोहोचत नाही. परवा ओहोटीला बांधालगतच्या उथळ चिखलात मात्र पाणलावे चोच पार बुडापर्यंत खुपसून चरत होते.

म्हणून एका हिवाळ्यावरून निष्कर्ष काढू नये. जानेवारीतील आशियाई पाणपक्षी गणनेत कोकणातील लहान खाड्याही दरवर्षी, त्याच भरती-ओहोटीच्या वेळी मोजल्या जाव्यात. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी असताना पहाटे खाडीवर बार ऐकू येतात, ते वन विभागाने आधी थांबवावेत.

– एक वाचक, गुहागर