बी-९२ च्या नावाखाली आखूड बेल्ट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : जुन्या मळणी यंत्रासाठी चुकीच्या लांबीचे बेल्ट पाठवून बदलून देण्यास नकार दिल्याबद्दल

महोदय,

माझ्या मळणी यंत्राच्या ड्रमवर तीन खाचांची पुली आहे आणि तिच्यावर बी-९२ मापाचे तीन बेल्ट चालतात. यंत्र जुने, मूळ पार्ट नंबर बंद झालेला. म्हणून तुमच्या पर्यायी यादीत त्यापुढे छापलेला नंबर पाहून संच मागवला. मोटर पूर्ण पुढे सरकवून, ताण पार सोडूनही हे बेल्ट पुलीवर चढत नाहीत.

बी-९२ मधले ९२ म्हणजे आतला घेर इंचांत, म्हणजे २३३७ मिमी. तुमच्या बेल्टवरही २३३७ च छापले आहे, पण ती पिच लांबी आहे, म्हणजे बेल्टच्या जाडीतल्या दोऱ्यांच्या रेषेवर मोजलेली. बी सेक्शनची (या रुंदी-जाडीच्या बेल्टची) पिच लांबी आतल्या घेरापेक्षा सुमारे ४० मिमी जास्त भरते. तेवढाच हा बेल्ट आखूड. यादी करणाऱ्याने आकडा जुळवला, तो कशाचा हे पाहिले नाही.

यावर तुमच्या प्रतिनिधीचे उत्तर : "पुली झिजली असेल." झिजलेल्या खाचेत बेल्ट खोल बसतो, त्यामुळे सैल पडतो. आखूड कसा पडेल? पुढचा सल्ला तर कमालीचा होता : पहार लावून पुली फिरवत चढवा. तसे केले की आतले दोरे तुटतात. वरून बेल्ट धडधाकट दिसतो आणि ऐन मळणीत खाचेत उलटतो. मग 'बसवताना खराब केला' म्हणत वॉरंटी नाकारायला तुम्ही मोकळे! मी पहार लावलेली नाही. तिन्ही बेल्ट कोरे आहेत, वेष्टनासकट.

आतल्या घेराने बी-९२ असलेले, एकाच जुळणीचे तीन बेल्ट पाठवावेत. "आधी एक पाठवतो, बसला तर बाकीचे" हे मला मान्य नाही. वेगवेगळ्या लॉटचे बेल्ट शेजारी चालवले की आखूड असेल त्याच्यावर सगळा भार येतो आणि तो आधी जातो. परतीचे आणि नव्या संचाचे भाडे कंपनीने भरावे. यादीतली ती ओळ दुरुस्त करून तसे लेखी कळवावे.

मळणी तोंडावर आली आहे. आठ दिवसांत संच न मिळाल्यास पैसे परत करावेत, नाहीतर मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, बेल्टवरील छपाईचे फोटो