कालवा नव्हता, कोळसाही नव्हता

महोदय,

‘अमेरिका-जपान युद्ध १९०७ सालीच पेटले असते तर’ हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. कल्पना लढवायला माझी हरकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने ऑक्टोबर १९०६ मध्ये जपानी मुलांना वेगळ्या शाळेत घालायचे ठरवले, त्यावरून जपानात संताप उसळला आणि युद्धाच्या वावड्या उठल्या, हे खरेच आहे. पण सोबतच्या नकाशात अमेरिकेचे आरमार पनामा कालव्यातून निघालेले दाखवले आहे! कालवा खुला झाला ऑगस्ट १९१४ मध्ये. १९०७ साली तिथे खोदकाम चालले होते. माझी नात हा नकाशा शाळेच्या वहीत चिकटवायला निघाली होती, मी तिच्या हातातून कात्री काढून घेतली.

लेखकाच्या मते अमेरिकेच्या सोळा युद्धनौका महिनाभरात मनिला (तेव्हा अमेरिकेच्या ताब्यातल्या फिलिपाइन्सचे बंदर) गाठतात. सोळा युद्धनौका अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून खरोखरच निघाल्या होत्या, १६ डिसेंबर १९०७ रोजी. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला पोचेपर्यंत मे उजाडला. तोही शांततेचा काळ, आणि कोळसा पुरवायला बहुतेक परक्या बोटी, त्यातही ब्रिटिशांच्या. ब्रिटन तर १९०२ पासून जपानचा दोस्त. युद्ध पेटल्यावर कोळसा कुणी दिला असता?

माझे आजोबा बोटीवर आगवाले होते. बॉयलरच्या तोंडाशी उभे राहून चार-चार तास फावड्याने कोळसा ओढायचा. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत निळे-काळे ठिपके होते, कोळशाची कच कातडीत कायमची रुतलेली. लहानपणी मी ते मोजत बसायचो. बोटीत कोळसा भरायच्या दिवशी सगळे बंद करून घेतले तरी भातात काळी पूड उतरायची, असे ते सांगत. ‘एडनला कोळसा नाही मिळाला, तर पुढं बोट म्हणजे नुसतं तरंगतं लोखंड,’ हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल! अख्ख्या लेखात ‘कोळसा’ हा शब्द एकदाही नाही, याचा मला राग आला आहे.

रशियाचे आरमार बाल्टिकहून सात महिने डेकवर कोळशाचे ढीग रचत आले आणि मे १९०५ मध्ये जपानजवळ त्सुशिमाला जपानी आरमाराच्या हातून संपले. अमेरिकेचे काही वेगळे झाले असते, असे लेखकाला कशावरून वाटते? आणि जपान तरी कुठे सुस्थितीत होता? रशियाशी लढून तो कर्जबाजारी झालेला, कर्ज लंडन आणि न्यूयॉर्कच्या पेढ्यांचे. लेखात तेही नाही.

नकाशाची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी, आतल्या कोपऱ्यात नको. शिवाय, गेल्या महिन्यात माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण कापलात आणि अर्थच उलटा झाला. या वेळी जागा कमी पडली तर रशियाचा भाग गाळा, आजोबांचा गाळू नका.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, गुहागर