तांबं सापडलं म्हणून भट्टी लावायची नसते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना भागात तांबं आहे, हे भूवैज्ञानिकांना जुनंच माहीत आहे. मध्यंतरी पुतणीच्या लग्नाला मूल गावाला गेलो होतो, तिथेही तोच विषय. पंगतीत शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "खाण आली तर तांबं वितळवणारी भट्टीपण इथेच पाहिजे. नाहीतर आमच्या पोरांच्या हाती धूळच!" मी 27 वर्षं तांब्याच्या कॉन्सन्ट्रेटर प्लांटमध्ये, म्हणजे दगडातून तांब्याचं खनिज वेगळं काढणाऱ्या कारखान्यात काढली, त्यातली बरीचशी फ्लोटेशनच्या (बुडबुड्यांनी खनिज वर आणण्याच्या) फेसाचा रंग बघण्यात. त्यांना उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात जिलबी आली. राहिलेलं इथे लिहितो.

शंभर टन दगडात एक टन तांबं आहे असं धरा. आपल्या देशात ही चांगली प्रत समजतात. हा दगड क्रशरमध्ये फोडायचा, बॉल मिलमध्ये पिठासारखा दळायचा (विजेचं बिल इथेच फुगतं), मग पाण्यात चुना आणि झँथेट (खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटवणारं रसायन) घालून हवा सोडायची. तांब्याच्या खनिजाचे कण बुडबुड्यांना धरून वर येतात. नव्वद टक्के तांबं हाती लागलं, तर 25 टक्के तांबं असलेली पूड मिळते अवघी 3.6 टन. उरलेला 96.4 टन बारीक गाळ तिथेच ठेवायचा असतो, खाण बंद झाल्यावरही. भट्टीसाठी भांडणाऱ्यांनी आधी या गाळाची जागा विचारावी. धानाच्या बांध्या आणि वैनगंगेचं खोरं असलेल्या मुलखात, चार महिने पाऊस झेलणारा गाळाचा बंधारा कुठे आणि कसा बांधणार, हा माझ्या मते पहिला प्रश्न आहे.

आता आकाराचं. खाणवाल्यांत टेलरचा एक ठोकताळा चालतो. त्यानुसार साठा 10 कोटी टन असेल, तर खाण साधारण 20 वर्षांत संपेल अशा बेताने चालवावी, म्हणजे वर्षाला 50 लाख टन. साठा 50 लाख टनांचाच असेल, तर आयुष्य नऊ-दहा वर्षं आणि प्लांट दिवसाला दीड हजार टनांचा. दुसऱ्या बाजूने मोह असा की क्षमता दुप्पट केली तरी प्लांटचा खर्च दीडपटच होतो. त्यामुळे कागदावर मोठा प्लांट नेहमीच स्वस्त दिसतो. पण त्याचं पोट रोज भरावं लागतं. खाणीतून दगड कमी आला की माणसं हलक्या प्रतीचा दगडही मिलमध्ये ढकलायला लागतात, आणि सगळाच हिशेब बिघडतो.

दीड हजार टनांच्या प्लांटमधून रोज पूड निघेल सुमारे 54 टन. तीन-चार ट्रक! वर्षाचं तांबं पाच हजार टनांच्याही आत. कच्छमध्ये मुंद्र्याला उभ्या राहिलेल्या नव्या भट्टीची क्षमता वर्षाला 5 लाख टन आहे. शिवाय टनभर पूड भट्टीत गेली की जवळजवळ तेवढंच गंधकाम्ल तयार होतं, ते रोज उचलणारं गिऱ्हाईक लागतं. गोंदियाहून बालाघाट, बैहरमार्गे मलाजखंडला गेलात तर देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण दिसेल. 1982 पासून चालू आहे, पण तिथेही भट्टी नाही. तिथली पूड वर्षानुवर्षं राजस्थानात खेत्रीला जायची, आणि पुढे ती भट्टीही बंद पडली. सध्या तर जगभरात भट्ट्या जास्त आणि पूड कमी अशी गत आहे. टनभर पूड वितळवण्याची मजुरी 2024 च्या वार्षिक करारात 80 डॉलर होती, ती 2025 मध्ये 21.25 वर आली. अशा वेळी खाणवाल्याने पूड विकावी. भट्टी लावून स्वतःच्या गळ्यात लोढणं का बांधून घ्यावं?

पद्धत निवडताना काय चुकतं, ते एका परराज्यातल्या लहान प्लांटवर मी स्वतः भोगलंय. चाचणीचे सगळे नमुने खोलातल्या ताज्या दगडाचे होते, पिवळ्याधमक चाल्कोपायराइटचे, म्हणजे तांबं-लोखंड-गंधकाच्या खनिजाचे. प्रयोगशाळेत 91 टक्के तांबं हाती लागलं, पेढे वाटले गेले. प्लांट सुरू झाला तेव्हा आला वरचा, हवापाणी लागलेला हिरवट दगड, म्हणजे मॅलाकाइट. त्याला साधं झँथेट धरत नाही. रात्रपाळीला फेस पांढराफटक, आणि तांबं गाळात. सहा महिने आम्ही सोडियम सल्फाइडचे डोस कमीजास्त करत बसलो.

असा हिरवा दगड ढिगावर रचून त्यावर आम्ल शिंपडता येतं आणि विरघळलेलं तांबं विजेने पत्र्यावर उतरवता येतं, मग भट्टीची गरजच राहत नाही. चिलीत, अ‍ॅरिझोनात हे मोठ्या प्रमाणावर चालतं. पण ते वाळवंट आहे. आपल्याकडे आषाढात ढिगावरचं आम्ल पातळ होऊन कुठे वाहील, याचा बंदोबस्त आधी हवा. दगडात चुनखडी असली तर ती आम्ल आयतंच पिऊन टाकते. आणि चाल्कोपायराइट अशा ढिगात सहजी विरघळत नाही.

म्हणून जनसुनावणी होईल तेव्हा नोकऱ्यांचा आकडा विचाराच, पण नमुने किती भोकांतून आणि किती खोलीवरून घेतले, वरचा हिरवा दगड वेगळा तपासला का, हेही विचारा. ड्रिलचे कोअर, म्हणजे भोकातून काढलेले दगडाचे लांब तुकडे, पेटीत ठेवलेले असतात. ते गावकऱ्यांना बघू द्यायला काहीच हरकत नसावी. हिरवा कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो, ते नुसत्या डोळ्यांनीही बरंचसं कळतं. कुणी बोलावलं तर मी चष्मा घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त प्लांट अभियंता, गोंदिया