पुनर्विकासात अनंत आणि कुंतीचाही हिशेब व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुनर्विकासाच्या बैठकांमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस फंड आणि पार्किंग यांवर तासन्‌तास चर्चा होते. मोठ्या झाडांची नोंदही होते, कारण ती तोडायला महापालिकेची परवानगी लागते. अनंत, कुंती अशा सुवासिक झुडपांचं नाव मात्र कुठल्याच कागदावर येत नाही. जेसीबी आवारात शिरला की पहिल्या तासाभरात ती जातात.

सहकारनगरमधली आमची सोसायटी 1970च्या दशकातली. मागच्या अंगणात सासूबाईंनी लावलेला दुहेरी पाकळ्यांचा अनंत आहे, भिंतीलगत कुंतीची रांग आहे आणि नळाजवळ मोगऱ्याचे वाफे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आम्ही कधी बाजारातून गजरे आणले नाहीत. दिवाळीनंतर इमारत पडणार आहे. शेजारच्या नव्या इमारतीचं पोडियम गार्डन, म्हणजे पार्किंगच्या छतावरची बाग, मी पाहून आले. पिवळा ड्युरांटा, अकॅलिफा, कडेने कोनोकार्पस हे परदेशी झाड. सगळं हिरवंगार आणि नीट कातरलेलं, पण वास कशालाच नाही. कोनोकार्पस लावायला गुजरातने 2023 मध्ये बंदी घातली, तरी आपल्याकडे तो कुंपणाला सर्रास दिसतो.

बैठकीत मी सुवासिक झुडपांचा विषय काढला, तेव्हा पहिला आक्षेप आला तो सापाचा. रातराणीच्या वासाने साप येतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. साप येतो तो उंदीर आणि बेडकांच्या मागावर, आणि लपायला राडारोडा मिळतो म्हणून. फुलांच्या वासाशी त्याला देणंघेणं नाही. तो रात्रीचा वास पतंगांसाठी असतो. रातराणीचं परागीभवन मुख्यतः तेच करतात, फुलं फिकट असतात तीही त्यांना अंधारात दिसावीत म्हणून. रातराणीचा वास काहींना सोसत नाही आणि तिची फळं विषारी असतात, हे मात्र खरं. ती खिडक्यांपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब लावावी.

दुसरा आक्षेप असा, की अनंत पुण्यात पिवळा पडतो. पडतो, पण त्यात हवेचा दोष नाही. अनंताला आम्लधर्मी माती लागते. आपल्या काळ्या मातीत चुनखडी, बोअरच्या पाण्यात क्षार, आणि बांधकामानंतर मातीत सिमेंटही मिसळलेलं. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. त्यासाठी खड्डा तांबडी माती आणि पालापाचोळ्याच्या खताने भरावा, जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवून द्यावं. फारच पिवळा पडला तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं. मोगऱ्याचं तंत्र वेगळं. थंडीत त्याचं पाणी तोडायचं, जानेवारीच्या अखेरीस चांगली छाटणी करून शेणखत घालायचं. फुलं नव्या फुटीवरच येतात, त्यामुळे छाटायला हात आखडला तर नुसती पानं मिळतात. दिवसातून पाच-सहा तास ऊन हवंच.

सोसायट्यांना माझं सांगणं एवढंच आहे, की विकसकाबरोबरच्या करारात बागेसाठी दोन ओळी घाला. पोडियमच्या स्लॅबवर निदान दोन फूट माती असेल आणि ती राडारोडा नसलेली असेल, ही एक. आणि लावायच्या झुडपांची नावं सोसायटी ठरवेल, ही दुसरी. एम्प्रेस गार्डनच्या रोपवाटिकेत चौकशी केली तरी आपल्या हवेत काय टिकतं ते कळतं.

पण जुनं झुडूप ते जुनंच. ते वाचवायला पावसाळ्यासारखा काळ नाही. मोगरा आणि रातराणीच्या पेन्सिलएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या घ्याव्यात, खालची पानं काढून निम्मी वाळू असलेल्या मातीत सावलीत खोचाव्यात. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. कुंतीची लाल पिकलेली फळं धुऊन बी ताजंच पेरावं, वाळवून फार दिवस ठेवलं तर उगवण घटते. अनंताला गुटी बांधावी: फांदीची बोटाच्या पेरभर साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की खालून कापून कुंडीत लावायचं.

आमच्या अनंताला मी गुट्या बांधल्या आहेत, मागायला येतील त्या शेजाऱ्यांनाही देणार आहे. ज्यांच्या इमारती यंदा दिवाळीनंतर पडणार आहेत, त्यांनी पाऊस आहे तोवर हे काम उरकून घ्यावं. भाड्याच्या घराच्या गॅलरीत दोन-तीन वर्षं कुंड्या सहज निघतात.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे