दीड महिन्याच्या लशीलाच लेकराचे डोळे पाहा

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्याकडे मोतीबिंदूची शिबिरं होतात, चांगलं काम आहे, पण तिथं सगळी म्हातारी माणसं असतात. जन्मजात मोतीबिंदूमुळं लेकराच्या बुबुळात पांढरं दिसलं तर घरचे म्हणतात लहान आहे अजून, मोठं झालं की करू ऑपरेशन. म्हाताऱ्याचं दोन वर्षांनी केलं तरी दिसते, कारण त्याचा मेंदू पाहणं कधीचंच शिकलेला आहे, लेकराचा शिकायचाच असते.

ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला, उघडला तं डोळा चांगला पण मेंदूतल्या पेशी त्याला दादच देत नव्हत्या. मोठ्या मांजरीत असं झालं नाही. १९८१ ला त्यांना नोबेल मिळालं.

असं काहून होते, तर रसायनांमुळं. गाबा नावाचं रसायन मोठ्या मेंदूत पेशींना शांत करते, पण अगदी कोवळ्या मेंदूत तेच पेशींना चेतवते, कारण तेव्हा पेशीत क्लोराइड जास्त असते. पुढं क्लोराइड बाहेर टाकणारा पंप कामाला लागते, मग गाबा शांत करायला लागते, आणि हे नीट बसलं की डोळ्यांकडून शिकायचा खरा काळ सुरू होते. ज्या उंदरांत गाबा बनवणारं एक एन्झाइमच नव्हतं त्यांच्यात हा काळ आलाच नाही, गाबाचा असर वाढवणारं डायझेपाम नावाचं औषध दिलं तेव्हा आला! नंतर पेशींभोवती जाळी घट्ट होते आणि बदल अवघड होऊन बसते.

एका डोळ्यात जन्मजात मोतीबिंदू असला तर डॉक्टर सहा आठवड्यांच्या आसपासच ऑपरेशन करा म्हणतात. म्हणजे पेंटाव्हॅलंट लशीच्या पहिल्या डोसाची वेळ, तेव्हा लेकरू उपकेंद्रात असतेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे, पण तपासणीची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, मधातलं लेकरू सुटून जाते.

माझं म्हणणं एवढंच की त्या डोसाच्या दिवशी नर्सताईंनी दोन्ही बुबुळांवर टॉर्च मारून पाहावं, पांढरं दिसलं की त्याच आठवड्यात जिल्ह्याला पाठवावं, आणि ऑपरेशननंतर चष्मा अन् चांगल्या डोळ्यावर पट्टी का लागते ते आईला नीट समजावून सांगावं, कारण लेकरू रडलं की घरचे पट्टी काढून टाकतात. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नजरेत यावं म्हणून पत्र छापा ही विनंती.

एक विज्ञान शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ