सल्ला मिळतो, पण ‘पुढे काय झाले?’ कळत नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आमच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाचे रुग्ण वाढतात आणि रात्रपाळीचा डॉक्टर पुस्तकाआधी मोबाइल उघडतो. गेल्या वर्षी पहाटे पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या एका शेतमजूर बाईच्या अंगावर दंशाची खूण नव्हती, काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवलेले रक्तही नीट गोठले होते, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या सर्पविषाचीही खूण नव्हती. मात्र तिच्या पापण्या मिटू लागल्या होत्या. डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे लिहिताच एका ज्येष्ठ भूलतज्ज्ञांनी विचारले, ‘रात्री जमिनीवर झोपली होती का?’ मी ‘हो’ म्हटल्यावर लगेच उत्तर आले, ‘मण्यार समजून चाला. सर्पविषावरील लस सुरू करा आणि श्वासाकडे लक्ष ठेवा.’ तिला श्वासासाठी नळी घालून १०८ रुग्णवाहिकेने जिल्ह्याला पाठवले आणि दहा दिवसांनी ती चालत घरी आली. हे शेवटचे वाक्य मी त्या ग्रुपवर कधी लिहिलेच नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

माझी तक्रार नेमकी इथे आहे, आणि ती स्वतःविरुद्धही आहे. सल्ला बरोबर ठरला की चुकला, याची नोंद न ठेवता तो सकाळच्या ‘सुप्रभात’खाली गडप होत असेल, तर शंभर डॉक्टर जोडले जाऊनही शहाणा एकही होत नाही. आमच्याच रायगड जिल्ह्यात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून बारकाईने नोंदी ठेवल्या, म्हणूनच त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगासमोर आला.

अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट एको’त दूरच्या गावांतील डॉक्टर ठरलेल्या वेळी पडद्यावर एकत्र येत, हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराचे आपापले रुग्ण मांडत आणि पुढच्या बैठकांत त्यांची प्रगतीही सांगत. ४०७ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा या डॉक्टरांकडील उपचारांचे यश विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच असल्याचे दिसले. आपल्याकडे ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेमुळे डॉक्टरला तज्ज्ञाशी बोलता येते, ही सोय चांगलीच आहे. पण तो एका रुग्णापुरता सल्ला झाला, सर्वांनी मिळून शिकणे नव्हे.

२०२० च्या टेलिमेडिसिन (दुरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक सूचनांनुसार दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतला तरी उपचारांची जबाबदारी विचारणाऱ्याचीच राहते. रुग्णाची ओळख जपण्याची जबाबदारीही आमचीच, म्हणून त्याचे नाव दिसणारा एक्स-रे बिनदिक्कत ग्रुपवर टाकण्याची आमची सवयही सुटायला हवी.

तेव्हा आरोग्य विभागाने जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञ आणि ग्रामीण डॉक्टरांची पंधरवड्यातून एक तास ऑनलाइन बैठक घ्यावी, मागच्या बैठकीतील प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याने तिची सुरुवात करावी, आणि मुख्य म्हणजे तो तास ड्युटीच्या वेळापत्रकात धरावा. ओपीडीत दीडशे रुग्ण ताटकळत असताना कानात इअरफोन घालून अशी बैठक होत नसते.

आपला नम्र,
एक वैद्यकीय अधिकारी, जि. रायगड