त्यांनी परत जाऊन बघायला हवं होतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्याच्या रविवार पुरवणीत अ‍ॅनिमेशन मालिकांच्या चाहत्यांविषयी एक लेख आला होता. कार्टूनमधला एक शिपाई मेला म्हणून मोठी माणसं हळहळतात, वर्षानुवर्षं वाद घालतात, याचं लेखकाला नवल वाटलं आहे. उदाहरण म्हणून त्यांनी ‘स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स’ या मालिकेतली सिटाडेलची सुटका मोहीम घेतली. ते भाग मी पाहिले आहेत, तो वादही अनेक वर्षं वाचत आले आहे. चाहते त्या वादात नेमकं काय विचारतात, ते मात्र लेखात आलंच नाही.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिसऱ्या पर्वातले हे सलग तीन भाग, 2011 सालचे. इव्हन पिएल हा जेडाय या योद्ध्यांच्या पंथातला गुरू आणि त्याच्याबरोबरचा कॅप्टन टार्किन शत्रूच्या तावडीत सापडतात. शत्रूच्या मुलखात थेट नेणारा एक गुप्त मार्ग असतो, त्याची निम्मी माहिती एकाच्या डोक्यात, निम्मी दुसऱ्याच्या. दोघांना ठेवलंय सिटाडेल नावाच्या तुरुंगात, जिथून आजवर कुणी सुटलेलं नाही. ओबी-वान आणि अ‍ॅनाकिन हे दोन जेडाय आणि निवडक क्लोन सैनिक (एकाच माणसाच्या प्रतिकृती) स्वतःला कार्बनाइट नावाच्या पदार्थात गोठवून घेतात, म्हणजे यानात जिवंत माणसं आहेत हे शत्रूच्या यंत्रांना कळू नये. अ‍ॅनाकिनची शिष्या अशोका हिला ‘तू यायचं नाहीस’ असं बजावलेलं असतं, तरी ती खोटं सांगून येतेच. कड्यावर चढताना एक सैनिक सुरुंगामुळे मरतो. परतीच्या वाटेवर, शटलकडे धावताना, एको नावाचा सैनिक स्फोटात सापडतो. त्याचं हेल्मेट तेवढं जमिनीवर पडलेलं दिसतं. पुढे पिएलही मरतो. मरण्याआधी तो आपली निम्मी माहिती अशोकाला सांगतो. बाकीचे निसटतात.

मग शेवटी काय होतं? टार्किन म्हणतो, माझ्याकडचं मी फक्त चॅन्सेलरना, म्हणजे शासनप्रमुखांना, सांगणार. अशोका म्हणते, माझ्याकडचं मी फक्त जेडाय मंडळाला सांगणार. ज्यासाठी इतके जीव गेले ती माहिती पुन्हा दोन तुकड्यांतच राहते.

यावर चाहत्यांमध्ये दोन तट पडले ते साहजिकच होतं. एका बाजूचे हिशेब मांडतात. ज्याला सोडवायला गेले तोच हाती लागला नाही, वाचला तो टार्किन, जो पुढे साम्राज्याचा क्रूर अधिकारी होतो. मग ही मोहीम काढायलाच नको होती. दुसरी बाजू म्हणते, आपल्या माणसाला शत्रूच्या हाती सोडून देणारं सैन्य कुणाच्याही निष्ठेला पात्र राहत नाही. दोन्ही बाजूंनी मनापासून लिहिलेलं मी वाचलं आहे. युद्धाविषयी इतका गंभीर विचार मोठ्यांसाठीच्या चर्चांमध्येही मला क्वचित दिसतो.

पण मला सगळ्यात जास्त भिडलेला प्रश्न तिसराच आहे, आणि तो विचारणारे चाहते पहिल्या दिवसापासून आहेत. एकोला कुणी तपासलं का नाही? एका गुरूला सोडवायला सगळे जिवावर उदार होऊन आले होते. त्याच मोहिमेत एक शिपाई पडला, तेव्हा गोळीबार चालू होता, थांबणं अशक्य होतं, हे सगळं खरं. तरी हेल्मेट पाहून त्यांनी ठरवून टाकलं की तो गेला. त्याचा जिवाभावाचा सोबती फाइव्ह्ज तिथे होता, त्यालाही ओढून पुढे नेलं.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तो भाग संपल्यावर ती म्हणाली, “आई, त्यांनी परत जाऊन बघायला हवं होतं.” गोष्टीत असं होतं गं, असं म्हणून मी तिची समजूत काढली. आज मला ते उत्तर देता येणार नाही.

कारण हा प्रश्न फक्त गोष्टीतला नाही. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होती ते 16 जानेवारी 2003 रोजी उडालं. उड्डाणावेळी फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच काही अभियंत्यांनी मागणी केली होती की पंखाची छायाचित्रं घ्या, काय झालंय ते बघू. वरिष्ठांनी ती मागणी पुढे जाऊ दिली नाही. 1 फेब्रुवारीला सातही जण गेले. चौकशी मंडळाने नंतर विचारलं की वेळीच कळलं असतं तर काही करता आलं असतं का? उत्तर मिळालं की अटलांटिस हे दुसरं यान घाईने तयार करून पाठवणं जोखमीचं होतं, पण अशक्य नव्हतं. मला इथे जोखमीपेक्षा आधीची पायरी महत्त्वाची वाटते. सुटका करायची की नाही हा प्रश्न समोर यायला आधी कुणीतरी बघायला लागतं.

नासाने त्यातून धडा घेतला. मे 2009 मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला सात अंतराळवीर गेले, तेव्हा संकट आलं तर त्यांना अंतराळ स्थानकाचा आसरा मिळणार नव्हता. म्हणून दुसऱ्या उड्डाणतळावर एंडेव्हर सज्ज उभं होतं, त्यांना आणायला चार जणांचा चमूही ठरलेला होता. त्याला जावं लागलं नाही. पण वर काम करणाऱ्या त्या सात जणांना खाली आपल्यासाठी एक यान उभं आहे हे माहीत होतं, आणि याची किंमत कुठल्या हिशेबात मांडायची मला ठाऊक नाही.

मालिकेविषयी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. 2013 साली ती बंद झाली, चाहते तिच्यासाठी वर्षानुवर्षं बोलत राहिले, 2018 मध्ये ती परत येणार असं जाहीर झालं. 2020 च्या शेवटच्या पर्वात पहिल्याच कथेत एकोचा कॅप्टन रेक्स याला शत्रूच्या तळावरून एका क्लोन सैनिकाचा क्रमांक ऐकू येतो. तो एकोचा असतो. तो जिवंत आहे, अर्धा यंत्र झालेला, त्याच्या डोक्यातले डावपेच शत्रू वापरतोय. रेक्स त्याला यंत्रातून बाहेर काढतो तेव्हा एकोच्या मनात अजून सिटाडेलच चालू असतं. शटल गाठायचंय, मी पुढे जातो, असं तो बडबडतो. तो तिथून हललेलाच नव्हता. ‘बघायला हवं होतं’ म्हणणाऱ्यांना मालिकेने दिलेलं हे उत्तर मला फार प्रामाणिक वाटतं. त्यात एकोच्या परत येण्याचा आनंद आहे, पण आधी न बघितल्याची भरपाई झाली असं कुठेही दाखवलेलं नाही.

ज्या लोकांना अशा प्रसंगाने रडू येतं त्यांना बालिश म्हणू नये, एवढीच विनंती आहे.

एको परत सापडतो तो भाग पाहून मुलीने रात्री उशिरा फोन केला. एकोणीस वर्षांची झाली होती. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग तिने विचारलं, फाइव्ह्जला कधी कळलं का? नाही, मी म्हटलं. तो सहाव्या पर्वातच गेला.

आपली,
एक नियमित वाचक